राजमाची एका दिवसात: कोंडाण्यातून चढा, लोणावळ्याकडे बाहेर पडा

राजमाची गडाला जाणाऱ्यांचा ठरलेला क्रम असा असतो. सकाळी लोणावळ्याला उतरायचं, रमतगमत १५-१६ किलोमीटर चालून उधेवाडी गाठायची, जेवायचं, बालेकिल्ल्यावर फोटो काढायचे आणि चार वाजता ‘आता काय, उतारच तर आहे’ म्हणत कर्जतकडे उतरणाऱ्या कोंडाण्याच्या रानात शिरायचं. घोटाळा होतो तो इथेच. दिवसाचा सर्वांत अवघड भाग थकलेल्या पायांनी आणि मावळत्या उजेडात करायची वेळ येते.

राजमाची कठीण नाही. दोन बालेकिल्ले, त्यांच्या पायथ्याला उधेवाडी हे छोटं गाव, आणि गावाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या दोन मुख्य वाटा. एक लोणावळ्याहून येणारा लांबलचक पण जवळजवळ सपाट कच्चा रस्ता, दुसरी कर्जतकडून कोंदिवडे गाव आणि कोंडाणे लेण्यांवरून अंगावर येणारी रानवाट. या दोन्ही कोणत्या क्रमाने चालायच्या, यावर दिवस कसा जाणार ते ठरतं.

## टप्पा १: दिशा आणि महिना ठरवा

एका दिवसात दोन्ही वाटा जोडायच्या असतील तर कर्जतकडून चढा आणि लोणावळ्याकडे निघा. सकाळी ताज्या पायांनी चढण होते. संध्याकाळी उशीर झालाच तर तुम्ही रुंद रस्त्यावर असता. तिथे बॅटरीच्या उजेडातही चालता येतं, वाट हरवत नाही आणि गरज पडली तर गाडी बोलावता येते. कोंडाण्याच्या उतरणीवर यातलं काहीच शक्य नसतं.

पहिल्यांदाच जात असाल, बरोबर मुलं किंवा गुडघ्यांचा त्रास असलेलं कोणी असेल, तर कोंडाण्याचा मोह सोडा. लोणावळ्याहून या, उधेवाडीत मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत जा. गावात रात्र काढणं हाच राजमाचीचा सर्वांत चांगला भाग आहे असं माझं ठाम मत आहे.

महिन्यांचं म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी दोन्ही वाटांना उत्तम. मार्च ते मे चढण सकाळी दहाच्या आत संपवली पाहिजे, कारण नंतर कातळ तापतो आणि वाटेतले ओढे कोरडे असतात. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काजव्यांसाठी गर्दी होते. तेव्हा मुक्कामाची सोय आधी करावीच लागते. जुलै-ऑगस्टमध्ये कोंडाण्याची वाट फक्त ती आधी चाललेल्या माणसाबरोबर करा.

## टप्पा २: आठवडाभर आधीची कामं

पहिलं काम मनाई आदेश तपासण्याचं. कोंदिवडे आणि कोंडाणे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात आहेत, तर उधेवाडी पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात. पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि काही गडवाटांवर जिल्हा प्रशासन बंदी घालतं, आणि दोन्ही जिल्ह्यांचे आदेश वेगवेगळे निघतात. पुण्याची बातमी वाचून ‘सगळं चालू आहे’ असं समजणारे कोंदिवड्यात पोलिसांच्या अडथळ्यापाशी थांबतात. दोन्हीकडचं बघा.

दुसरं काम गाड्यांचं. मुंबईची लोकल कर्जतपर्यंत येते, पुण्याची लोकल लोणावळ्यापर्यंत. या दोन स्टेशनांमधला घाट फक्त लांब पल्ल्याच्या गाड्या पार करतात. म्हणजे कर्जतकडून गड चढून लोणावळ्याकडे बाहेर पडणाऱ्या मुंबईकराचं येणं सोपं, परतीला मात्र एक्सप्रेस किंवा बस शोधावी लागते. पुणेकराचं नेमकं उलट: परतीची लोकल हक्काची, पण पहाटे कर्जतला पोचवणारी गाडी हवी. प्रत्येक एक्सप्रेस कर्जतला थांबतेच असं नाही, तेव्हा थांबा वेळापत्रकात स्वतः बघा. पहाटेची गाडी जमत नसेल तर पुणेकरांनी आदल्या रात्री कर्जतला राहावं. पण उशिरा पोचून दहा वाजता चढायला लागू नये.

तिसरं काम, उधेवाडीत जेवण सांगून ठेवणं. गावातली घरं पिठलं-भाकरी, भात, चहा-पोहे करून देतात. पण त्यांचंही दळण, पाणी, सरपण असतं. आठ-दहा माणसं अचानक दारात उभी राहिली तर भाकऱ्या थापून होईपर्यंत दीड तास सहज जातो, आणि तो दीड तास तुमच्या परतीच्या वेळेतून वजा होतो. किती माणसं, किती वाजता, एवढं दोन दिवस आधी कळवा. येणार नसाल तर तेही कळवा. रांधलेलं जेवण वाया जातं तेव्हा नुकसान त्या घरातल्या बाईचं होतं.

तपासा: परिसराचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवला आहे का? उधेवाडीत आणि त्याहून जास्त कोंडाण्याच्या रानात मोबाइलची रेंज बेभरवशाची आहे. घरी कोणाला तरी वाट, परतीची वेळ आणि सोबत्यांची नावं लिहून दिली आहेत का?

## टप्पा ३: पिशवीत काय

वापरात रुळलेले, तळाला खाचा असलेले बूट. नवे कोरे नकोत, तळ गुळगुळीत झालेले जुनेही नकोत. माणशी तीन लिटर पाणी. उन्हाळ्यात चार. ओआरएसची पाकिटं, शेंगदाण्याची चिक्की किंवा लाडू, क्रेप बँडेज, रोजची औषधं. डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकाकडे हवी, पाच जणांत एक नव्हे. मोबाइलचा टॉर्च हिशेबात धरू नका, कारण अंधार पडतो तेव्हाच फोनची बॅटरीही संपत आलेली असते. एक शिट्टी गळ्यात अडकवा.

पावसाळ्यात छत्री घरी ठेवा. रानवाटेत दोन्ही हात मोकळे लागतात. पिशवीच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं सामान त्यात भरलं की बाहेरच्या आवरणापेक्षा जास्त उपयोग होतो. जीन्स नको. भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटून काढते.

## टप्पा ४: कर्जत ते कोंडाणे लेणी

कर्जत स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला ‘कोंदिवडे, कोंडाणे लेण्यांची वाट’ असं पूर्ण सांगा. नुसतं ‘राजमाची’ म्हटलं तर गोंधळ होऊ शकतो. सातपर्यंत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, कोंदिवड्यातून चालायला सुरुवात व्हायला हवी. लेण्यांपर्यंत तासभर ते सव्वा तास लागतो.

गाव सुटलं की झाडी दाट होते आणि चूक व्हायची पहिली जागा येते: गुरांच्या वाटा. त्या अगदी खऱ्या वाटेसारख्या दिसतात. फरक असा की गुरांची वाट डोंगराला आडवी जाते, तिला फाटे फुटत राहतात आणि ती ओढ्यापाशी किंवा चरायच्या माळावर विरून जाते. माणसांची वाट चढत राहते. तिच्यावरचे दगड मधोमध झिजलेले असतात आणि वाकणावर मातीत पायऱ्यांसारखे टप्पे पडलेले दिसतात. रंगवलेले बाणही मधूनमधून आहेत, पण पावसाने पुसट होतात.

नियम: दहा मिनिटं चालूनही बाण, झिजलेला दगड किंवा माणसाच्या वावराची कसलीही खूण दिसली नाही, तर थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. ‘पुढे जाऊन मिळेल’ म्हणून आडवं रान तुडवू नका.

लेण्यांमध्ये अर्धा तास तरी द्या. बौद्ध लेणी आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेली आहे. वरच्या सज्जांकडे आणि कठड्यांच्या जाळीदार नक्षीकडे मान वर करून नीट बघा. पावसाळ्यात लेण्यांच्या माथ्यावरून समोर धबधबा कोसळतो आणि सगळे त्याखाली उभे राहायला धावतात.

सावधान: या पाण्याबरोबर वरून दगड येतात. पाऊस चालू असताना कड्याच्या धारेखाली उभं राहू नका, आत लेण्यात बसा. कड्यावर मधमाश्यांची पोळी असतील तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा तीनही टाळा. आग्या मोहोळ उठलं तर पळायलाही जागा नसते.

## टप्पा ५: लेण्यांपासून उधेवाडीपर्यंत

इथून खरी चढण. मध्यम चालीने दोन ते अडीच तास. पुढे वाट माहीत असलेला आणि शेवटी सर्वांत दमदार माणूस ठेवा. सर्वांत हळू चालणारा पुढून दुसरा. तो मागे राहिला की गट तुटतो, आणि तुटलेल्या गटातली माणसंच फाट्यावर चुकतात. प्रत्येक फाट्याला सगळे जमेपर्यंत थांबायचं, मग कितीही घाई असो.

वाटेत ओढे आडवे येतात. हिवाळ्यात त्यांची दखलही घ्यावी लागत नाही. पावसाळ्यात मात्र हीच जागा जीव घेते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाण्याला हात लावण्याआधी काठावर एक दगड असा ठेवा की धार त्याला जेमतेम टेकेल. दहा मिनिटं थांबा. दगड भिजून बुडायला लागला तर पाणी चढतंय, माघारी फिरा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर पाऊस पडत असतो आणि ते पाणी थोड्या वेळात खाली येतं. स्वच्छ पाणी अचानक लालसर गढूळ झालं, त्यात पाला-काटक्या वाहत आल्या, तर एक क्षणही न घालवता काठावर उंच जागी जा.

पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. खाली असेल तरी बूट काढू नका. पिशवीचा कंबरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती झटकता येते. उगमाकडे तोंड करून, काठीचा आधार घेत, तिरकं सरकत जा. सेल्फी, रील, पाण्यात डुंबणं हे या ओढ्यांत नकोच.

चढताना कारवीच्या काड्यांना धरून स्वतःला ओढू नका. वाळकी काडी मोडते, हिरवी मुळासकट हातात येते. झुडपात हात घालण्याआधी बघा. हिरव्या पानांत हिरवा चापडा हा साप अंग चोरून बसलेला असतो आणि तो विषारी आहे.

तपासा: अकरा वाजले आणि अजून अर्धी चढणही झालेली नाही? मग आज लोणावळ्याकडे निघण्याचा बेत सोडा. उधेवाडीत मुक्काम करा, नाहीतर आलेल्या वाटेने उजेडातच खाली जा.

## टप्पा ६: गावात पोचल्यावर आधी वेळ, मग जेवण

गावात शिरल्यावर बूट काढण्याआधी तीन गोष्टी करा. किती वाजले ते बघा. यजमानांना विचारा, ‘दादा, लोणावळ्याचा रस्ता कसा आहे, ओढे भरलेत का?’ आणि सगळ्यांना निघायची वेळ मोठ्याने सांगा.

एका दिवसात परतायचं असेल तर ही वेळ दुपारी दोन. लोणावळ्यापर्यंत चार ते पाच तास लागतात. दोनला निघालात तर सहा-सातच्या दरम्यान लोणावळ्यातल्या तुंगार्लीला पोचता. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे थंडीच्या दिवसांत ही वेळ दीडवर आणा.

गावकऱ्याने ‘आज जाऊ नका’ म्हटलं तर वाद घालू नका. तो जेवणाचे आणखी दोन पैसे मिळावेत म्हणून थांबवत नसतो. अडकलेल्यांना शोधायला रात्री बॅटऱ्या घेऊन रानात त्यालाच उतरावं लागतं.

## टप्पा ७: एका दिवसात एकच बालेकिल्ला

गावाच्या वर, दोन बालेकिल्ल्यांमधल्या खिंडीत भैरवनाथाचं मंदिर आहे. तिथून एका बाजूला श्रीवर्धन, दुसऱ्या बाजूला मनरंजन. श्रीवर्धन उंच, सुमारे ९०० मीटर, आणि त्याचा चिलखती बुरूज, म्हणजे तटामागे तट अशी दुहेरी बांधणी, नीट बघण्यासारखी आहे. मनरंजन बुटका, चढायला सोपा आणि बराच निवांत.

दोन्ही करायचा हट्ट धरला की दोनची वेळ हमखास चुकते. परतायचं असेल तर एकच निवडा. माझी निवड श्रीवर्धन. मात्र ढग उतरलेले असतील, समोरचं काहीच दिसत नसेल, तर मनरंजनला जा आणि वेळ वाचवा. मुक्काम असेल तर संध्याकाळी मनरंजन आणि पहाटे श्रीवर्धन हा क्रम चांगला. गावाजवळचा उदयसागर तलाव आणि त्याच्या जवळचं शंकराचं मंदिरही मुक्कामात निवांत होतं.

पावसाळ्यात तटाच्या कडेला उगवलेलं गवत फसवं असतं. खाली दगड आहे की पोकळी, ते दिसत नाही. कडेपासून दोन हात आत राहा. धुक्यात तर पायऱ्यांची वाट सोडूच नका. गडावर पाण्याची टाकी आहेत, पण पिण्याचं पाणी गावातूनच भरून घ्या.

कातळधार धबधब्याबद्दल: गावात आल्यावर कोणीतरी हमखास म्हणतं, ‘जवळच आहे, जाऊन येऊ.’ वाट दाट रानातून दरीत उतरते, घसरडी आहे आणि वाटेत फसवे फाटे आहेत. त्यासाठी वेगळा दिवस, गावातला वाटाड्या आणि उघडीप, तिन्ही हवं. आजच्या बेतात ती जोडू नका.

## टप्पा ८: उधेवाडी ते लोणावळा

रस्ता रुंद आहे, म्हणून लोक इथे गाफील होतात. चढउतार फार नाहीत, पण अंतर मोठं आहे आणि दिवसभराचा थकवा आता पायात उतरतो. दर तासाला पाच मिनिटं बसा, थोडं खा, मोजे ओले असतील तर बदला. पायाला फोड येतोय असं वाटताच चिकटपट्टी लावा. फोड फुटल्यावर उपाय उरत नाही.

वाटेत वळवंड गावाला जाणारा फाटा लागतो. उधेवाडीकडून निघताना तो सहसा लक्षातही येत नाही, पण लोणावळ्याकडून येणारे इथे चुकतात आणि तासभर चालल्यावर कोणीतरी सांगतं की राजमाची मागे डावीकडे राहिली. फाट्यावर शंका आली तर विचारून घ्या.

गाडीने येणाऱ्यांना एकच विनंती. कोरड्या दिवसांत जीप आणि दणकट गाड्या उधेवाडीपर्यंत येतात. पावसाळ्यात साधी कार या रस्त्यावर आणू नका. चिखलात रुतलेली एक गाडी रस्ता अडवते, आणि गावातल्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला गाडीसाठी तोच रस्ता असतो.

## उलट दिशेनेच यायचं असेल तर

लोणावळ्याहून सुरुवात करणार असाल तर पहिली चूक स्टेशनावरच टाळा. ‘राजमाची’ म्हटल्यावर रिक्षा राजमाची पॉइंटला जाऊ शकते. ती खंडाळ्याजवळची, जुन्या महामार्गालगतची बाग आहे. तिथून गड समोर दिसतो, पण मध्ये दरी आहे. ‘तुंगार्ली, राजमाची गावाचा रस्ता’ असं सांगा. चालायला सहाला लागा.

उधेवाडीतून कोंडाण्याकडे उतरण्याची शेवटची वेळ पावसाळ्यात दुपारी एक, इतर वेळी दोन. यानंतर उतरू नका, मुक्काम करा. उतरणीची सुरुवात गावातल्या माणसाकडून बोटाने दाखवून घ्या. पहिल्यांदा जात असाल तर त्याला वाटाड्या म्हणून लेण्यांपर्यंत सोबत घ्या आणि त्याची बिदागी निघण्याआधीच ठरवा.

उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल थोडं आडवं. हिरवट चमक असलेल्या कातळावर आणि ओल्या मुळावर पाय टाकू नका, शेजारच्या खडबडीत मातीवर टाका. मार्च-एप्रिलमध्ये धोका वेगळा असतो. वाळक्या पाल्याचा थर साचतो, त्याखाली सुटे गोटे असतात. पाय ठेवण्याआधी काठीने पाला बाजूला करा. एकाच ओळीत, एकमेकांच्या डोक्यावर राहून उतरू नका. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्यावर जातो.

## अडचण आलीच तर

जखमी माणसाला एकटं सोडू नका. त्याला कोरडं आणि गरम ठेवा, शिट्टी सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. रेंज मिळेल तिथून ११२ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. लोणावळ्यातली शिवदुर्ग मित्र ही संस्था या परिसरातल्या शोध-बचावाच्या कामात वर्षानुवर्षं उतरते. फोनवर तीन गोष्टी आधी सांगा: उधेवाडीपासून किंवा लेण्यांपासून किती वेळ चालून इथे आलात, जवळचा ओढा कोणत्या हाताला आहे, आणि माणूस चालू शकतो का. नकाशावरचं अक्षांश-रेखांश मिळत असेल तर तेही वाचून दाखवा. त्यानंतर जागा सोडू नका. शोधणारे तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी येतात.

अंधारात वाट हरवली आणि कोणी जखमी नसेल, तरी चालत राहू नका. ओढ्यापासून आणि कड्यापासून दूर, सपाट जागी एकत्र बसून उजाडेपर्यंत थांबा.

आणि सुखरूप पोचलात की उधेवाडीतल्या ज्या घरी जेवलात तिथे फोन लावून ‘मावशी, पोचलो’ एवढं कळवा. रेंज नसेल तर संदेश टाका. फोन आला नाही की दिव्याच्या वेळेला ती माणसं वाटेकडे बघत बसतात.